सांभाराला पाणी

कामरगाव, १० मार्च २०२५

प्रिय योगिनी,

तुझा फोन येऊन गेला की मला वाटतं, बोलायचं ते राहूनच गेलं. आई शेजारी खाटेवर, तुझे दादा जेवत असतात आणि फोन स्पीकरवर. फोनवर तू माझी नणंद असतेस. म्हणून हे पत्र. कारंज्याच्या कॉलेजात असताना सुट्टीत आपण एकमेकींना लिहायचो, तसंच. आता अक्षर बिघडलंय आणि पाठ दुखते, एवढाच फरक.

आई कशा आहेत, विचारलं होतंस. बऱ्या आहेत. खातात थोडं, पण खातात. सकाळी ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात. अजून कामाची हौस गेलेली नाही. संध्याकाळी मळ्यातून सांभार आला (तुमच्या नाशिकची कोथिंबीर गं!) की ओलं बारदान पसरतात आणि जुड्या बांधायला बसतात. जुड्या सैल होतात. त्यांना दिसणार नाही अशा बेताने मी त्या पुन्हा बांधते. पाणी मात्र त्या फार मारतात. बादली बघता बघता रिकामी होते, पदर भिजलेला असतो. काल तुझे दादा म्हणाले, "माय, सांभाराले आंघोळ घालून राह्यली का?" त्याही हसल्या.

फोनवर सांगितलं नाही ते असं. थंडीपासून त्यांचं अंथरूण ओलं होतं. रोज नाही, पण आठवड्यातून बऱ्याचदा. गादी अंगणात वाळत टाकली की शेजारच्या ललिताबाई मुद्दाम विचारतात, "आज पुन्हा गादी काढली का वं?" आई ते ऐकून तोंड फिरवतात. मलाही पाठीमुळे गादी उचलवत नाही. म्हणून दुपारच्या चहानंतर मी त्यांच्या खाटेजवळचा पाण्याचा गडवा उचलून ठेवते. त्यामुळे बराच फरक पडलाय.

कधी कधी माझा आवाज चढतो. परवा म्हणाले, "आई, सांगत का नाही तुम्ही वेळेवर?" ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यात फिरत होतं. तू असतीस तर कसं बोलली असतीस?

तुझी सुचिता


नाशिक, २४ मार्च २०२५

प्रिय सुचिता,

तुझं पत्र ऑफिसात मधल्या सुट्टीत वाचलं. घरी आल्यावर पुन्हा वाचलं.

आवाज चढला म्हणून इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तू करतेस तेवढं मी केलं नसतं, हे मला ठाऊक आहे. दिवाळीत चार दिवस येऊन मी आईची वेणी घालते, पाय चेपते आणि सगळे म्हणतात, लेक असावी तर अशी. बाकीचे दिवस तुझे.

पाण्याचं तू केलंस ते ठीकच केलंस. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्हीही संध्याकाळनंतर पाणी बंदच केलं होतं. त्याशिवाय इलाज नसतो. निदान तिची लाज तरी वाचते.

जुड्यांचं वाचून मला आईचे हात दिसले. आपल्या लग्नाआधी ती डोळे मिटून जुडी बांधायची आणि सगळ्या एकसारख्या निघायच्या. आता सैल होतात म्हणतेस, होऊ देत.

पाठीला तेल लावतेस ना? दादाला सांग गादी उचलायला. त्याचीही आई आहे.

योगिनी


कामरगाव, ६ एप्रिल २०२५

प्रिय योगिनी,

तुझ्या पत्राने धीर आला. गादीचं तुझ्या दादांना सांगितलं. ते म्हणाले, "मी पहाटे गाडीवर भाजी लादू का गादी?" तेही खोटं नाही. पहाटे निघतात ते दुपारी परत येतात, मग मळ्यात.

आता एक चांगली बातमी. गेल्या पंधरवड्यात अंथरूण जवळजवळ कोरडं आहे. पाण्याची मी शिस्तच लावली आहे. सकाळी गोळ्यांबरोबर एक पेला आणि दुपारी जेवताना एक. चहा दोन वेळा असतोच. सुरुवातीला त्या मागायच्या. "थोडसं दे वं, घसा कोल्ला पडला." मी म्हणायचे, "आई, आत्ताच तर प्यालात." आता मागत नाहीत. समजूतदार झाल्या आहेत. एखादं मूल वळणावर यावं तसं वाटतं, आणि असं वाटल्याबद्दल पुन्हा अपराधी वाटतं. त्या मूल नाहीत. या घरात मी आले तेव्हा भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं मला.

ऊन चढलंय. विहीर खाली गेली आहे, पण सांभाराला भाव आहे, म्हणून आम्ही वाफे सोडलेले नाहीत. काढलेला माल दुपारीच घरी आणतो, कारण उन्हात तो तासाभरात मान टाकतो. बारदान सतत ओलं ठेवावं लागतं. आई त्या कामात इतक्या गुंततात की दुपारची झोपही सोडतात. "आला का सांभार?" असं चारदा विचारतात. या वयात एवढी ओढ! मी चाळिशीतच थकले.

बोलण्यावर मात्र ताबा ठेवला आहे. गेल्या महिनाभरात एकदाही आवाज चढवला नाही.

तुझी सुचिता


नाशिक, २३ एप्रिल २०२५

सौ. सुचितावहिनींस,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा लिहिते आहे, ते पाठवणार आहे.

आमच्या महिला मंडळाने परवा वृद्धांच्या छळाविषयी कार्यक्रम घेतला. मी तिथे बोलले. एक पत्रक छापलं आहे, सोबत जोडते. मारहाण, शिवीगाळ, दागिने काढून घेणं, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, आणि शेवटी, वय झालेल्या माणसाकडून काम करून घेणं. ती शेवटची ओळ माझ्या आग्रहाने घातली. ती घालताना माझ्या मनात दुसऱ्या कुणाचं घर होतं.

आणि त्याच आठवड्यात पुतणीच्या लग्नाला ललिताबाई नाशिकला आल्या. मांडवातच मला म्हणाल्या, "तुई माय भर उनात घामाघूम जुड्या बांधत बसते. लुगडं पिळून निघते. अन् तुई भावजय आत पंख्याखाली पेपर वाचते." चार बायकांसमोर म्हणाल्या. मी काय उत्तर द्यायचं?

तू मला लिहिलंस, आईला कामाची ओढ आहे. मी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. वहिनी, ऐंशीच्या घरातली बाई दुपारची झोप सोडून जुड्या बांधते, ती ओढीने का धाकाने? तू धाक घालत असशील असं मी म्हणत नाही. पण घरातल्या बाईने काम केलंच पाहिजे, हा धाक आपल्याकडे कुणी वेगळा घालावा लागत नाही. मी त्याच घरात वाढले आहे.

तिचं काम बंद कर. एवढं माझ्यासाठी कर.

योगिनी


कामरगाव, ३० एप्रिल २०२५

सौ. योगिनीताईंस,

तुम्ही वहिनी लिहिलंत, म्हणून मीही ताई लिहिते.

पत्रक वाचलं. प्रत्येक ओळीवर थांबून स्वतःला विचारलं. मारलं का? नाही. शिवी? कधीच नाही. दागिने? त्यांची पोत त्यांच्याच गळ्यात आहे. उपाशी? ताटात पोळी दुधात कुस्करून देते. शेवटच्या ओळीवर मात्र थांबले. काम त्या स्वतः मागतात, हे खरं. पण मागितलं म्हणून मी दिलं, आणि माझंही तेवढं काम हलकं झालं, हेही खरं. त्यामुळे ललिताबाईंना दोष देत नाही. पंख्याखाली पेपर मी वाचते. तेवढाच वेळ मिळतो.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे परवापासून काम बंद केलं. सांभार, बारदान, बादली, सगळं मागच्या अंगणात नेलं. आईंची खाट आतल्या खोलीत घेतली, तिथे गारवा असतो. पहिल्या दिवशी त्या फार अस्वस्थ झाल्या. "सांभार कुठी नेला?" म्हणून घरभर काठी टेकत फिरल्या. मला म्हणाल्या, "मले काम दे वं सुचिता. मी चांगली घट्ट बांधीन. पाय पडू का तुया?" त्यांना अपमान वाटला असणार, मी पुन्हा बांधते ते कळलं असणार. मी म्हटलं, "आई, आता आराम करा." त्या मागच्या दाराकडे निघाल्या तेव्हा तुमच्या दादांनी हाताला धरून परत आणलं. "बस न माय चुपचाप. आता पेन्शन झाली तुई." उंबरठ्यावर पडतील म्हणून मागच्या दाराला आता कडी लावून ठेवतो.

त्या माझ्याशी बोलत नाहीत. पण तुमचं म्हणणं बरोबर असेल. मी स्वतःच्या बाबतीत नीट न्याय करू शकत नाही.

सुचिता


नाशिक, १२ मे २०२५

प्रिय सुचिता,

आधीच्या पत्राची भाषा कडक झाली, माफ कर. पण बघ, बोलल्यामुळे काहीतरी झालं. आई आता आतल्या खोलीत पडून आराम करते, हे वाचून खरंच बरं वाटलं. मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं (नाव न घेता) की एका पत्राने एका घरात बदल झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

परवा फोनवर आई मला 'रुख्मिणी' म्हणाली. रुख्मिणी म्हणजे तिची धाकटी बहीण, जाऊन किती वर्षं झाली! मग म्हणाली, "विहिरीवर जाऊ चाल." मी हसले, पण नंतर रडूही आलं. वय झालं आता. आपण तयारी ठेवायला हवी.

तिला दोन सुती गाऊन पाठवते आहे. लुगड्यापेक्षा सोपे पडतील. अंथरुणाचं कसं आहे?

योगिनी


कामरगाव, २७ मे २०२५

प्रिय योगिनी,

तू चार दिवस इथे होतीस आणि मी तुझ्यासमोर बोलू शकले नाही. तुला नाशिकच्या गाडीत बसवलं, तेव्हाही नाही. आता लिहिते.

तुझे गाऊन आले त्याच दिवशी आईंना आम्ही कारंज्याच्या दवाखान्यात नेलं, हे तुला माहीत आहे. डोळे उघडत नव्हत्या, जीभ चामड्यासारखी झाली होती. डॉक्टरांनी सलाइन लावलं, लघवीत जंतू झाल्याचं सांगितलं. तू पोहोचलीस तेव्हा त्यांनी तुझ्यादेखत विचारलं, "पाणी किती पितात?" मी म्हटलं, "व्यवस्थित पितात." तू मान हलवलीस. ते खोटं होतं. सकाळी एक पेला, दुपारी एक. आणि शेवटच्या आठवड्यात दुपारचाही अर्धाच. अंथरूण कोरडं राहत होतं, म्हणून मी खूश होते.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आईंना घरी आणलं. त्यांचा राग जावा म्हणून मी सांभार पुन्हा ओसरीत आणला. बारदान पसरलं, बादली ठेवली, सुतळी हातात दिली. मला वाटलं, आता हसतील. ललिताबाई दारात उभ्या होत्या, तुझे दादा पायरीवर.

आईंनी सुतळी खाली ठेवली. बादलीतला गडवा उचलला, तोंडाला लावला आणि प्यायल्या. मळ्याच्या हौदातलं पाणी, त्यात मातीने भरलेली मुळं बुडवलेली. माझ्याकडे बघत प्यायल्या. उरलेलं सांभारावर ओतलं.

मी म्हटलं, "आई, ते पिऊ नका, मी आणते."

त्या म्हणाल्या, "याले तं दिवसभर पाणी मारतं तू. मले काय, मले बजारात थोडीच न्याचं हाय."

तुझ्या दादांनी विचारलं, "माय, तू रोज हे पाणी पेत होती?"

"मंग? जुड्या बांधाची हाऊस होती काय मले? बोटं वळत नाईत. पाणी होतं ना इथं."



म्हणजे तो भिजलेला पदर, ती रिकामी बादली, तो चारदा विचारलेला सांभार. आंघोळीची थट्टा केली तेव्हा आम्ही सगळे हसत होतो, त्याही हसत होत्या. आणि मग ती बादलीही आपण उचलली. मागच्या दाराला कडी लावली ती मी. त्या पाया पडायला निघाल्या आणि मी समजले अपमान वाटला.

मी रोज स्वतःला विचारत होते, आवाज चढला का, शब्द लागला का. पेल्याबद्दल एकदाही विचारलं नाही. ते मला कामच वाटलं, नीट केलेलं काम. कुणाला सांगायची वेळ आली तर मी अभिमानाने सांगितलं असतं. तुला सांगितलंच की.

माफी मागत नाही. तुला काय वाटेल ते लिही, किंवा लिहू नकोस.

सुचिता


नाशिक, २ जून २०२५

सुचिता,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी खूप ओरडले. घरात कुणी नव्हतं. तुला काय काय म्हणाले ते लिहीत नाही.

मग वाटलं, हे मला आधी कुठेतरी माहीत होतं. तुझं मार्चचं पत्र काढलं. गडवा उचलून ठेवते, असं तू सरळ लिहिलं होतंस. मी ते वाचून काय उत्तर दिलं ते मला आठवत होतं, आणि तुलाही आठवत असणार. तू मोठ्या मनाने त्याचा उल्लेख केला नाहीस. ठीकच केलंस, असं मी लिहिलं होतं. एप्रिलच्या पत्रात तर तू लिहिलंस की ती आता मागत नाही. ते वाचून मला समाधान वाटलं होतं, सुचिता. पोटच्या पोरीला.

आणि माझ्या सासूबाई. त्याही शेवटी भलतीच नावं घ्यायच्या. आम्ही म्हटलं, वय झालं. आता त्यांना विचारता येत नाही. ते मी कुणाला लिहू?

पंधरा जूनला पुन्हा कार्यक्रम आहे. त्या दिवशी जगभर या विषयावर बोलतात. मला व्यासपीठावर जावंसं वाटत नाही. टाळ्या आठवतात.

आईला मी इथे आणू का? हे रागाने विचारत नाही. किंवा थोडा आलाच असेल राग, तर तो असू दे. तिला विचार. आपण दोघी ठरवू नये असं वाटतं. आपण ठरवलं तेव्हा काय झालं ते बघितलं.

योगिनी


कामरगाव, १० जून २०२५

प्रिय योगिनी,

आईंना विचारलं. त्यांच्या खाटेवर बसून, तुझं पत्र हातात घेऊन. "योगिनी नाशिकले बोलावते. जाता का?"

म्हणाल्या, "तिथं सांभार इकत घ्या लागते न? अन् मळा नाई, काई नाई. मी कोनाले हाका मारू?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिले सांग, दिवाळीले ये म्हना. वेनी घालाले."

तेव्हा इथेच राहणार आहेत. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातही माझा स्वार्थ असावा अशी शंका आहे. आता ती तपासत बसत नाही. थकले.

काय केलं ते कळवते. गादीवर मेणकापड घातलं. बसायची खुर्ची, भांड्यासकट मिळते ती, तुझ्या दादांनी कारंज्याहून जीपच्या टपावर बांधून आणली. गावात सगळ्यांनी विचारलं, त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "मायसाठी आनली. काहून, तुले पायजे का?" पहाटे निघण्याआधी आता तेच आईंना त्या खुर्चीवर बसवतात. ललिताबाईंनी जुनी चादर आणून दिली, घड्या घालून.

गडवा चोवीस तास खाटेजवळ भरलेला असतो. पण योगिनी, त्या पीत नव्हत्या. मला वाटलं होतं गडवा ठेवला की झालं. त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि दोन घोट घेऊन ठेवून द्यायच्या. मी म्हणायचे, "प्या ना आई, अजून प्या." परवा म्हणाल्या, "राहू दे. तुले उठा लागन. पाठ दुखते तुई."

मला वाटलं, यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. त्यांनी शिवी दिली नाही. माझ्या पाठीचं त्या इतके दिवस ऐकत होत्या. भिंतीपलीकडून मी तुझ्या दादांना सांगायचे ते सगळं.

तेव्हापासून मी त्यांच्याजवळ बसून माझाही पेला भरते. त्या एक घोट, मी एक. कधी कधी त्या झोपून जातात आणि पेला माझ्या हातात राहतो. असं करून होईल का सगळं ठीक? मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर थोडा परिणाम राहील. जेवण अजून कमीच आहे. मला त्या सुचिता म्हणून हाक मारत नाहीत, नुसतं 'अवं' म्हणतात.

पंधरा तारखेला तू बोल. जायचं नाही असं करू नकोस. माझं नाव घेतलंस तरी चालेल, गाव सांगितलंस तरी. फक्त त्या पत्रकात पाण्याची एक ओळ घाल. कामाच्या ओळीच्या वर घाल. कारण मी ते पत्रक वाचलं होतं, प्रत्येक ओळीवर थांबून, आणि सुटले होते.

एक सांगायचं राहिलं. त्यासाठीच खरं तर आज लिहायला बसले. सकाळी चादर बदलायला गेले तर अंथरूण पूर्ण ओलं होतं. आई घाबरून माझ्याकडे बघत होत्या. मी गादी ओढून अंगणात आणली, ललिताबाईंच्या घरासमोरच, आणि उन्हात टाकली. आता तिथेच पायरीवर बसून तुला लिहिते आहे. अजून वाळायची आहे.

तुझी सुचिता